खांबकाकांचा उजवा पाय

थोरली परदेशी जाऊन बूट करायला शिकणार, हे कळल्यावर नातेवाइकांनी आधी डोळे मोठे केले आणि मग तोंडं वाकडी केली. लोक परदेशातून डॉक्टर होऊन येतात, आणि ही म्हणे चपला शिवणार. मामांनी तर तिच्या आईला फोन करून विचारलं, की इकडे चपलांची दुकानं कमी पडली का. आता मामांना कोण समजावणार? त्यांना स्वतःचे पाय बघायचे म्हटले तरी पोट आडवं येतं.

हे साधे बूट नव्हतेच मुळी. ज्यांची बोटं एकमेकांवर चढलीत, पायाची कमान बसलीय, एक पाय आखूड आणि एक लांब आहे, अशांच्या पायाचं माप घेऊन त्या एकट्या पायासाठी करायचे बूट. थोरलीच्या धाकट्या बहिणीचा एक पाय जन्मापासून आत वळलेला. ती शाळेत जे जड बूट घालून जायची, ते संध्याकाळी काढताना घोट्यावरची सालटी निघालेली थोरलीनं वर्षानुवर्षं पाहिली होती. तेव्हापासून डोक्यात हेच खूळ. एक संस्था सापडली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि बाईसाहेब दोन बॅगा घेऊन विमानात बसल्या.

पहिले पंधरा दिवस नव्याच्या नवलाईत गेले. मग सुरू झालं ते खरं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ. घरी सहा माणसं, दोन टीव्ही, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडायची सगळ्यांना सवय. इथं चमचा खाली पडला तरी दचकायला व्हायचं. वर्गात नऊ जण होते, सगळे तिथलेच. वाईट कुणी नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं. ते हसून नमस्कार करायचे, लागलं तर हत्यार द्यायचे, आणि पाच वाजले की आपापल्या घरी पसार. शनिवार-रविवार थोरलीच्या तोंडातून अक्षर निघायचं नाही. सोमवारी पहिला शब्द बोलायला जावं तर घशातून नुसती खरखर.

तिनं काय काय केलं म्हणून सांगू. दुकानात पैसे घ्यायला यंत्रं होती, ती सोडून ही मुद्दाम म्हाताऱ्या बाईंच्या लांबलचक रांगेत उभी राहायची, कारण त्या बाई “पिशवी हवी का?” एवढं तरी विचारायच्या. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती. तिथं कुणीतरी भेटेल म्हणून तिनं एकदा धुतलेल्या चादरी परत धुवायला नेल्या. कुणी भेटलं नाही. ती पाऊण तास काचेआड फिरणाऱ्या चादरी बघत बसली. घरी मात्र फोनवर सगळं छान. खोली छान, माणसं छान, हवा छान. एवढं छान कुठं काही असतं का? पण आईला खरं सांगावं तर ती म्हणेल, ये परत. आणि परत जायची इच्छा इतकी होती, की ते एक वाक्य ऐकण्याचीच तिला धास्ती वाटायची.

वर्षाच्या शेवटी परीक्षा होती, आणि परीक्षेची अट विचित्र. एक खरा माणूस आणायचा. पायाचं काहीतरी दुखणं असलेला, नात्यातला नसलेला. त्याच्यासाठी बुटांचा जोड करायचा. परीक्षेच्या दिवशी त्या माणसानं बूट घालून चालून दाखवायचं आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. माणूस आला नाही किंवा बूट बसले नाहीत, तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही, शिष्यवृत्ती नाही, घरी चालू लागायचं. बाकीच्यांनी कुणाच्या शेजारच्या आजी, कुणाचे फुटबॉलचे मास्तर, असे पटापट जमवले. थोरली त्या गावात औषधाच्या दुकानातल्या माणसाखेरीज कुणालाच ओळखत नव्हती, आणि त्याचे पाय ठणठणीत होते.

शेवटी तिनं त्याच्याच दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला: दुखरे पाय हवेत, बूट करून मिळतील. खाली पत्ता. दुसऱ्याच दिवशी दुपारी कार्यशाळेच्या दारात एक उंच, काठीसारखे सरळ म्हातारे गृहस्थ हजर झाले. हातात तोच कागद. काचेवरून सोडवून घेऊन आले होते.

“दुसरं कुणी यायला नको,” ते म्हणाले.

हे खांबकाका. त्यातलं ‘खांब’ हे नाव तिनं ठेवलेलं नाही, त्यांच्या सोबत्यांनी ठेवलेलं. अडतीस वर्षं ते एका संग्रहालयात रखवालदार होते. जुने रांजण, नांगर, तराजू अशा वस्तूंचं दालन. तिथं रखवालदाराला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. अडतीस वर्षं एका माणसानं उभं राहायचं म्हणजे काय होतं, ते मोजे काढल्यावर थोरलीला दिसलं. दोन्ही कमानी पार बसलेल्या, अंगठे आत वळलेले, तळव्याला कुरुपं. तिला इतका आनंद झाला की लपवता लपवेना. असले पाय नशिबानं मिळतात. ‘काका’ हा पुढचा शब्द तर तिनं मनात केव्हाच जोडून टाकला होता, लवकरच तो तोंडातूनही यायला लागला, आणि त्यांनी काही हरकत घेतली नाही.

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता काका यायचे. उंच खुर्चीवर बसायचे, थोरली खाली बुटक्या स्टुलावर, चामड्याचा अ‍ॅप्रन मांडीवर ओढून. त्यावर त्यांचा पाय. कागदावर पायाची रेघ काढणं, पट्टीनं घेर मोजणं, शाईनं तळव्याचा ठसा उमटवणं, हे पहिल्या दोन गुरुवारी झालं. मग त्या मापाचा फर्मा करायचा. फर्मा म्हणजे हुबेहूब त्या पायासारखा लाकडी ठोकळा, ज्याच्यावर चामडं ओढून बूट बेततात. तोवर काकांसाठी चहाचा दुसरा कप खरेदी झाला होता.

काका बोलायला लागले की थांबायचे नाहीत. अडतीस वर्षांचं साठलेलं होतं सगळं. कंटाळ्याच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणता माणूस त्या देशात दुसरा नसेल. पहिल्या वर्षी म्हणे ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे, आणि त्या वर्षी ते वेडे व्हायचेच बाकी राहिले होते. मग त्यांनी घड्याळ घरी ठेवलं आणि येणाऱ्यांच्या पायांकडे बघायला सुरुवात केली. तोंड रांजणाकडे आणि पाय दाराकडे, म्हणजे माणसाला भूक लागली. नवरा-बायको आले आणि पावलं जुळत नसली, म्हणजे सकाळी वाजलंय. कंटाळा घालवायला जायचं नाही, ते सांगायचे. समोर जे आहे त्यातलं एक धरायचं आणि पुरतं बघायचं. एका रांजणाकडे ते अडीच वर्षं बघत होते.

थोरलीनं ते करून पाहिलं. खिडकीसमोरच्या इमारतीच्या पाठीला एकोणीस पाइप होते आणि त्यातल्या एकावर रोज सकाळी एकच मांजर बसायचं. हे मांजर खांबकाकांना सांगायचं, म्हणून ती रोज बघायला लागली. दुकानातल्या बाईंच्या पायाला सूज आहे हे तिच्या लक्षात आलं, तिनं विचारलं, बाईंनी रांगेला थांबवून पाच मिनिटं पायाचं गाऱ्हाणं सांगितलं. आठवडा पूर्वीसारखा अंगावर यायचा थांबला. बुधवारी संध्याकाळपासूनच तिला बरं वाटायला लागायचं.

आणि मग पायात घालून बघायचा कच्चा बूट तयार झाला. खांबकाका चार पावलं चालले, थांबले, आणि म्हणाले, “उजव्या करंगळीपाशी जरा दाबतंय.”

ठीक आहे, असं होतंच. थोरलीनं फर्म्याच्या त्या जागेवर कॉर्कची पातळ चकती चिकटवली, म्हणजे बूट तिथं तेवढा फुगेल. पुढच्या गुरुवारी काका म्हणाले, अजून दाबतंय. दुसरी चकती. त्याच्या पुढच्या गुरुवारी, कमी आहे, पण आहे. तिसरी. मग चौथी. फर्म्याच्या करंगळीला आता गळू झाल्यासारखं दिसत होतं. वर्गातली बाकीची मंडळी बुटांना तळ ठोकायला लागली आणि थोरली अजून करंगळीत अडकलेली.

परीक्षेला चौदा दिवस राहिले तेव्हा मास्तरीणबाई तपासायला आल्या. बाई कमी बोलायच्या आणि बोलल्या की ऐकणाऱ्याला घाम फुटायचा. त्यांच्याकडे एक युक्ती असायची. पारदर्शक प्लास्टिक तापवून फर्म्यावर ओढायचं, की काचेसारखा आरपार दिसणारा बूट तयार. तो पायात घातला की जिथं दाबतं तिथली कातडी आतून पांढरी पडलेली दिसते. पायाला खोटं बोलता येत नाही.

खांबकाकांनी तो बूट घातला, उभे राहिले, आणि सवयीनं म्हणाले, करंगळीपाशी दाबतंय. सगळ्या वर्गानं बघितलं. करंगळी छान गुलाबी होती आणि तिच्या नि प्लास्टिकच्या मधे आणखी एक करंगळी मावली असती.

“तुझा माणूस खोटं बोलतोय,” मास्तरीणबाई थोरलीला म्हणाल्या. “हा फर्मा वाया गेला. नव्या ठोकळ्यातून सुरुवात कर.”

खांबकाकांचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. त्यांनी मोजे चढवले, जुन्या बुटांच्या नाड्या बांधल्या, कुणाकडे न बघता निघून गेले. थोरली स्टुलावर तशीच बसून राहिली.

सहा दिवस तिनं खालमानेनं काम केलं. पहिल्या मापावरून नवा फर्मा घडवला, चामडं बेतलं, अस्तर शिवलं. बोटांना आरी टोचून टोचून चाळण झाली. काकांना फोन लावला की वाजून वाजून बंद व्हायचा. गुरुवारी दोन वाजले, अडीच वाजले, खुर्ची रिकामी. बूट जगातले सर्वांत उत्तम झाले तरी ते घालून चालणारा माणूस नसेल तर घरची वाट. पण खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी परीक्षेपेक्षा रिकाम्या खुर्चीकडेच बघवत नव्हतं.

परीक्षेच्या फॉर्मवर काकांचा पत्ता होता. संध्याकाळी तिनं नवे बूट पिशवीत घातले आणि गेली. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. चाळिशीची बाई, कामावरून नुकतीच आलेली, मागे दोन मुलं, शेगडीवर काहीतरी, कानाला फोन. थोरलीला बघून तिला आश्चर्य वाटलं. आज गुरुवार ना, ती म्हणाली, बाबा तर तुमच्याकडेच गेलेत. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आणि हसून म्हणाली की जेवताना सारखं तुमचंच चालू असतं, आम्हाला आता तुमच्या खिडकीतलं मांजरसुद्धा पाठ झालंय. घर चांगलं होतं, माणसं प्रेमळ होती. फक्त सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिथं काकांशिवाय कुणी नसायचं. थोरलीनं काहीतरी थाप मारली, रस्ता चुकले, चुकामूक झाली असेल, आणि जिना उतरली.

कुठं गेले असतील याचा तिला फार विचार करावा लागला नाही. संग्रहालय बसनं वीस मिनिटांवर होतं आणि गुरुवारी रात्रीपर्यंत उघडं असायचं. रांजणांच्या दालनात कोपऱ्यात नवा रखवालदार, आता त्याला खुर्ची होती, आणि मधल्या बाकावर पाहुण्यासारखे खांबकाका. तिला बघून ते उठून उभे राहिले. उभं राहण्याची सवय अंगात मुरलेली.

“तू कशाला आलीस,” ते म्हणाले. “मी खोटारडा माणूस. तुझं वर्ष घालवलं असतं मी.”

थोरली बाकावर बसली. तेही बसले, मधे हातभर अंतर ठेवून. मग त्यांनी रांजणाकडे बघत सगळं सांगून टाकलं. पहिल्या वेळी त्यांना खरंच वाटलं होतं की जरासं दाबतंय. त्याच्या पुढच्या गुरुवारी दाबत नव्हतं. पण बसतंय म्हटलं असतं तर तिनं बूट पुरे केले असते, हातात दिले असते, आणि मग गुरुवारी दाढी करून जायचं कुठं?

“अडतीस वर्षं लाखभर माणसं माझ्यासमोरून गेली,” ते म्हणाले. “दुखतंय का, असं तूच विचारलंस.”

थोरलीला आता बोलणं भाग होतं, आणि ते तिच्या जिवावर आलं होतं. तिनं आधी पिशवीची गाठ सोडली, मग परत बांधली.

“काका, मला माहीत होतं. तुम्ही दुसऱ्यांदा दाबतंय म्हणालात तेव्हाच. बूट तुमच्या पायात असताना मी बोट घालून बघितलं होतं. जागा होती. माझ्या हाताला कळलं होतं आणि तरी मी चकती लावली. बाई तुम्हाला बोलल्या तेव्हाही मी गप्प बसले.”

खांबकाकांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट वळून बघितलं. का, असं त्यांनी विचारलं. डोळे पुसत ती म्हणाली की वेळ नाही, आठवडा राहिलाय, पाय द्या. आणि तिथंच फरशीवर बसून तिनं त्यांचे जुने बूट उतरवले. नव्या रखवालदारानं लगेच येऊन सांगितलं की दालनात पादत्राणं काढायला मनाई आहे. खांबकाका म्हणाले की तो नियम मीच लावून घेतलाय, जा, खुर्चीवर बस. तो बिचारा जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं मास्तरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. काका एकटे खोटं बोलत नव्हते, मीही बोलत होते. बाई चामडं कापायच्या रापीला धार लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की ते मला माहीत होतं, कॉर्कचे चार थर आंधळाही देत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, हाताला कळलं की तोंडानं सांगायचं, नाहीतर हा धंदा करू नकोस. त्यांच्या मानानं ही माया झाली.

परीक्षेच्या दिवशी खांबकाका अर्धा तास आधी हजर. शर्टाची इस्त्री कडक. दोन परीक्षक, मास्तरीणबाई कडेला, वर्ग भिंतीला टेकून. थोरलीनं बूट घातले, नाड्या बांधल्या. काका कार्यशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. वळले. परत आले. परीक्षकांनी विचारलं, कुठं काही त्रास?

खांबकाका घुटमळले. थोरलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि फार हळू म्हणाले, “डाव्या टाचेला जरा टोचतंय.”

भिंतीपाशी कुणीतरी हसू दाबलं. मास्तरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्वतः बूट मागून घेतला, आत हात फिरवला आणि सांगितलं की इथं काही नाही. खांबकाकांची मान खाली गेली. थोरलीनंही बूट हातात घेतला, बोट फिरवलं. तिलाही काही लागलं नाही. आता काही नाही म्हणून सही घेतली असती तर त्याच क्षणी परीक्षा पार पडली असती.

“ते म्हणतात तर आहे,” ती म्हणाली, आणि बूट खिडकीपाशी नेला.

पाच मिनिटं परीक्षक घड्याळ बघत राहिले. ती नखानं अस्तराची शिवण टाका-टाका चाचपत गेली. टाचेच्या मागे, घडीच्या आत, घाईत मारलेली दोऱ्याची गाठ होती. खसखशीएवढी. उभं राहिल्यावर वजन पडलं की तेव्हाच टोचेल अशी. तिनं रापीच्या टोकानं ती काढली, टाका परत घेतला, वरून ठोकून सपाट केला आणि बूट पुन्हा पायात चढवला. खांबकाका दोन फेऱ्या मारून आले.

“आता?”

“आता कुठंही नाही,” ते म्हणाले. इतके दिवस चुकवलेलं वाक्य एकदाचं बोलून झालं.

परीक्षकांनी गाठीचे गुण कापले आणि पास केलं. मास्तरीणबाई जाताना थोरलीच्या पाठीवर एक जोरदार थाप मारून गेल्या. बाहेरच्या लांब व्हरांड्यात खांबकाका नवे बूट घालून आणि जुने पिशवीत घेऊन उभे होते. झालं तर मग, ते म्हणाले. चांगलं झालं. घरी कळव. आता तुझं माझ्याकडे काही काम उरलं नाही.

“गुरुवारी या,” थोरली म्हणाली.

“बूट तर बसले.”

“बसले. तरी या.”

“कशाला?”

सांगायला कारणं पुष्कळ होती. तळ झिजतो तो बघावा लागतो, चामड्याला तेल द्यावं लागतं, महिन्यानं एकदा माप तपासावं लागतं. सगळी खरी आणि सगळी जिभेवर. थोरलीनं तोंड उघडलं आणि त्यातलं एकही आलं नाही.

“मला इथं करमत नाही, काका,” ती म्हणाली, आणि एवढं बोलून अ‍ॅप्रन तोंडाला लावून लहान पोरीसारखी रडायला लागली. वर्षभरात हे तिनं कुणाला, अगदी आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

खांबकाकांनी इकडंतिकडं बघितलं. भिंतीशी एक बाक होता. त्यांनी तिला तिथं बसवलं आणि शेजारी स्वतः बसले, या वेळी मधे अंतर न ठेवता. तिचं रडणं ओसरलं.

“मलाही नाही करमत,” मग ते म्हणाले. “दोनला येऊ की जेवायलाच येऊ?”